गोग्रास



बलिप्रतिपदा आली की जोयडा तालुक्यातील वाड्यावाड्यांतून गुरे न्हाऊ घालून, माळा घालून ओवाळली जातात. आम्हीही त्या दिवशी भाताची, पुरणपोळीची भरली पाने गाईपुढे ठेवीत आलो आणि एवढ्याने गोसेवा पुरी झाली असे मानीत आलो. आज त्याच समजुतीचा विचार करू.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात गोवर्धनपूजेचा प्रसंग आहे. भगवंतांनी सांगितले की, पक्वान्ने रांधा, ब्राह्मणांपासून श्वानापर्यंत सर्वांस अन्न द्या, गाईंना चारा द्या आणि मग पर्वतास नैवेद्य अर्पण करा. इतरांस पक्वान्न, परंतु गाईस चारा! गुरे राखणाऱ्याच्या मुखातून आलेला हा भेद सहज आलेला नव्हे.

गाईच्या उदराचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव गवताचे तंतू आंबवितात. आपल्याला न पचणाऱ्या गवताचे दूध होते ते त्यांच्याच बळावर. तेथे एकाएकी भाताचा ढीग पडला, तर आम्ल वाढते, रवंथ थांबते आणि प्रसंगी जनावर दगावते. भक्तीने घातलेला घासच घातक ठरतो.

याच कप्प्यात मिथेन वायू उत्पन्न होऊन ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बद्विप्राणिद वायूच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींवर गाई-बैल व सुमारे ११ कोटी म्हशी होत्या. यात गाईचा दोष नाही. नुसत्या वाळक्या पेंढ्यावर जगणारे जनावर वायू सोडीतच राहते, दूध मात्र थोडे देते. हिरवी वैरण, द्विदल चारा, पेंड व खनिज मिश्रण यांचा मेळ घातला की दूध वाढते आणि दर लिटरामागे वायूचा भार घटतो.

आपल्याकडे भाताचा पेंढा विपुल आहे. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, पेंढा दाबून २१ दिवस घट्ट झाकून ठेवावा, म्हणजे तो मऊ व सुपाच्य होतो. मात्र युरियाचे प्रमाण चुकले किंवा त्याचे पाणी गुरांच्या तोंडी लागले तर ते विषच होय. लहान वासरांस असा पेंढा देऊ नये, आणि पहिला प्रयोग पशुवैद्यांच्या देखरेखीखाली करावा.

आपल्या गवळी बांधवांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या रानातच चरत आल्या. आज त्या रानाचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. बांधावर वैरण वाढली तर रानावरचा भार तितका हलका होईल. ज्या डोंगराने गाई पोसल्या त्याची पूजा भगवंतांनी करविली. सह्याद्रीचे हे रान आपला गोवर्धनच नव्हे काय?

यास्तव येत्या पाडव्यास पक्वान्नाचा घास नाममात्र असावा, हिरव्या वैरणीची पेंढी मोठी असावी आणि ती एका दिवसापुरती नसावी. ओवाळणे वर्षातून एकदा, भूक मात्र रोजची आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.