शिल्लक जुळली की पुरे!

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा मी शाळेत होतो. आईने मूर्तीला चमचा लावला. दूध संपलं, तिने हात जोडले. काका पक्के नास्तिक. ते खुर्चीतूनच म्हणाले, "थोतांड!"

पुढे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध पाजून पाहिलं. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून ओघळत होतं. काका बरोबर ठरले, पण न तपासता! आईने निदान चमचा तरी लावला होता. वाकून खाली मात्र पाहिलं नाही.

आता मी बँकेत कॅशवर बसतो. रोख कमी भरली तर तीनदा मोजतो. जुळली की एकदाच पुरे. मग सांगा, त्या दोघांना हसू कुठल्या तोंडाने?