दया आणि कीव

मागे एका गावी कीर्तन आटोपून मी ओसरीवर टेकलो होतो. एक म्हातारी माउली जवळ आली, पाया पडली आणि म्हणाली, “बुवा, तुमच्या घरी तीन पायांचा कुत्रा हाय म्हणं. त्या मुक्या जिवाला असं अर्धं जगवण्यापरीस सोडवला असता तर बरं नव्हतं का?” प्रश्न साधा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते उत्तर द्यायचे तर स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती, आणि ती सांगण्याचे धैर्य त्या वेळी झाले नाही. म्हणून आज लिहितो.

आमचा मोत्या उसाच्या ट्रॉलीखाली सापडला. मागचा उजवा पाय मांडीपासून चिरडला. गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, “हाड राहिले नाही, रक्तही पुढे जात नाही. पाय ठेवला तर विष अंगभर पसरेल. काढावाच लागेल.” शेजारी म्हणाले, “एक इंजेक्शन द्या आणि मोकळे करा. तीन पायांवर का कुत्रे जगते?” मी गोंधळलो. हिंसा कशात? मारण्यात, की असे जगवण्यात?

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. कुत्र्याच्या अंगाचा भार सारखा वाटलेला नसतो. शंभरातले सुमारे ६० भाग पुढच्या दोन पायांवर आणि ४० भाग मागच्या दोन पायांवर. म्हणून पुढचा पाय गेला तर जास्त अवघड, मागचा गेला तर त्या मानाने सोपे. मात्र आधी उरलेले तीन पाय आणि कंबर धड आहेत का ते तपासले पाहिजे. सांधे आधीच गेलेले असतील, वेदना कशानेच थांबणार नसेल, तर विचार वेगळा. म्हणजे, वाचकहो, ‘जगवावे की सोडवावे’ याचे एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. त्या जिवाकडे पाहून ठरवावे लागते, आपल्या मनाच्या कळवळ्याकडे पाहून नव्हे. मोत्याचे उरलेले पाय धड होते. पाय काढला.

दुसऱ्या दिवशी तो उठला. पडला. पुन्हा उठला. तीन उड्या मारून पाण्याच्या भांड्यापाशी गेला, पाणी प्याला आणि माझा हात चाटू लागला. मी मात्र ढसाढसा रडलो.

आता माझी चूक सांगतो. मोत्याला घरी आणले आणि मी त्याला उचलून घेऊ लागलो. दारापर्यंत उचलून, अंगणात उचलून. शिरा, पेढे, दुधात कुस्करलेली पोळी, जे मागेल ते. बिचाऱ्याचा पाय गेला ना! आमच्या मंडळी म्हणायच्या, “अहो, त्याला चालू द्या की.” मी ऐकले नाही. दोन महिन्यांत मोत्या फुगला. आमची शहाबादी फरशी घोटून गुळगुळीत झालेली. तीवर दोनदा घसरला, तेव्हापासून तो कोपरा सोडीना. मी म्हणालो, “बघा, दुःखी झाला आहे.” आणि आणखी एक पेढा दिला.

पुन्हा डॉक्टरांकडे नेले. ते रागावलेच. म्हणाले, “बुवा, चार पायांचे ओझे आता तीन पायांना पेलायचे आहे, आणि तुम्ही ओझे वाढवताय. याला दुःख पायाचे नाही. याला भीती तुमच्या फरशीची आहे.”

मी खाली मान घातली. मग त्यांनी सांगितले तसे सुरू केले. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत गोणपाट आणि जुन्या सतरंज्या अंथरल्या, म्हणजे पंजा रोवला जाई. नखे वाढू दिली नाहीत, कारण वाढलेल्या नखांनी पाय घसरतो. पायरी चढताना माझे कीर्तनाचे जुने उपरणे पोटाखालून घेऊन दोन्ही टोके हातात धरायची; उचलायचे नाही, तोल जाईल तेवढाच आधार. फिरवणे थोडे थोडे, पण दिवसातून अनेकदा. गोड बंद, अन्न मोजून. आणि एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी : माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्यामांजरांना आपल्या मनाने कधीही देऊ नयेत, त्यातल्या काही त्यांना प्राणघातक ठरतात. कुत्रे वेदना लपवते. ते खाईनासे झाले, एकच जागा सारखी चाटू लागले, रात्री धापा टाकू लागले, तर दुखते आहे असे समजावे आणि डॉक्टर गाठावा. महिन्याभरात मोत्या अंगणातल्या कावळ्यांमागे धावू लागला.

आता विचार करू. पाठशाळेत न्याय शिकताना दुःखाची व्याख्या आम्ही घोकली होती : जे जिवाला नकोसे वाटते ते दुःख. पण वेदना निराळी आणि शोक निराळा. वेदना शरीराला होते. ती मोत्यालाही झाली, आणि तिला औषध देणे आपले कर्तव्यच. शोक मात्र तुलनेतून उपजतो. ‘मी कसा होतो आणि कसा झालो, लोक काय म्हणतील’ हा हिशेब मोत्याने मांडल्याचे मला तरी दिसले नाही. तो हिशेब मी मांडला आणि त्याच्या नावावर खर्ची घातला. उचलून घेत होतो ते त्याचे चालणे मला बघवत नव्हते म्हणून. दुःख माझे, आणि उपचार मात्र त्याच्यावर चाललेला!

यालाच मी कीव म्हणतो. दया तिच्यासारखी दिसते, पण ती तिच्याहून वेगळी. नामदेवरायांची कथा सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्यांनी कुत्र्याच्या तोंडची भाकरी काढून घेतली नाही. भाकरीत उणे होते ते तूप, तेवढे द्यायला गेले. उणे असेल तेवढे पुरवते ती दया. कीव असलेलेही काढून घेते. मी मोत्याचे उरलेले तीन पाय काढून घेत होतो, आणि वर तूपही नको तिथे घालत होतो!

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेचा उल्लेख येतो. लढाईत तिचा पाय तुटला, तेव्हा अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय बसवला, तोही तिला पुन्हा धावता यावे म्हणून. काही पंडितांच्या मते विश्पला ही स्त्री नसून घोडी होती. ते खरे असो वा नसो, देवांच्या वैद्यांनी काय केले ते पाहा. तिच्याजवळ रडत बसले नाहीत. थायलंडमध्ये २००६ साली मोशा नावाच्या हत्तिणीच्या पिलाचा पाय सुरुंगाने उडाला. तिला कृत्रिम पाय केला, आणि ती वाढेल तसा पुन्हा पुन्हा नवा करावा लागला. दया एकदा करून संपत नाही, ती अशी.

पण माझी खरी चूक अजून सांगायचीच आहे. आमच्या फडातले एक वृद्ध वीणेकरी. मधुमेहाने त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला. काही महिन्यांनी जयपूरचा पाय लावून ते एकादशीला आले आणि वीणेसाठी हात पुढे केला. मी म्हणालो, “नाना, तुम्ही बसा आता. तुमचे हाल बघवत नाहीत.” वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली. लोक म्हणाले, बुवा किती कनवाळू! नाना त्यानंतर आले नाहीत. मला वाटले, प्रकृती बरी नसेल.

मोत्या कावळ्यांमागे धावला त्या दिवशी मला नाना आठवले. मी त्यांच्या घरी गेलो, पाय धरले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बुवा, पाय डॉक्टरांनी नेला, ते मी सोसलं. वीणा तुम्ही नेलीत.” यावर मी काय बोलणार?

आता पहाऱ्यात नाना उभे राहतात. मागे एक स्टूल ठेवलेले असते; त्यावर कधी टेकायचे ते नाना ठरवतात, मी नाही. आधार हवा की नको, हे आम्ही त्यांना विचारतो. एवढे विचारायला मला तीन पायांच्या कुत्र्याने शिकवावे लागले, याची लाज वाटते.

त्या माउलीला माझे उत्तर एवढेच : माय, मोत्या अर्धा जगत नाही. अर्धे जगवत होतो ते मी. प्रत्येक दिंडीत, प्रत्येक घरात असे एखादे नाना असतील. ‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी आपण त्यांना एकदा विचारले आहे का, याचा सुज्ञ वाचकांनी आपापल्या मनाशी विचार करावा. इत्यलम्.