काढ्याची कसोटी

चिनी वैद्य जुलाबावर ह्वांगल्येन नावाची मुळी देतात. ती कमालीची कडू असते आणि तोडली की आत पिवळीधमक दिसते. हा पिवळेपणा बर्बेरिन या द्रव्याचा. जुलाबासाठी बर्बेरिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांची साखरही उतरते, असे चिनी डॉक्टरांना आढळले आणि १९८८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढच्या चाचण्यांनीही त्याला दुजोरा दिला. कोडे मात्र कायम होते. गिळलेल्या बर्बेरिनचा एक टक्काही रक्तात पोचत नाही, मग ते साखर उतरवते कसे?

उत्तराचा माग आतड्यातल्या जंतूंपर्यंत गेला. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी टाइप-२ मधुमेहाच्या १८७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काढा होता गगन-छिनल्येन: ह्वांगल्येन, ज्येष्ठमध आणि आणखी दोन मुळ्यांचा. बारा आठवड्यांत मध्यम आणि मोठ्या मात्रेच्या गटांची साखर लक्षणीय उतरली. फिकॅलिबॅक्टेरियमसारखे उपकारक जंतू वाढले, आणि जंतूंमधला हा बदल साखर उतरण्याच्या आधी दिसला.

इथे ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग या वैद्याने हा काढा सांगितला तो ताप आणि जुलाबावर, मधुमेहावर नव्हे. मधुमेहातला उपयोग कळला तो आधुनिक काळात, रुग्ण तपासताना आणि मोजमाप करताना. परंपरेने वनस्पती हाती दिली, याचे श्रेय तिला जरूर द्यावे. त्यापुढचा दाखला तिच्या नावावर चढवू नये.

दुसरा मोह ‘चांगल्या जंतूं’चा. जंतू आधी बदलले म्हणून साखर त्यांच्यामुळेच उतरली, असे सिद्ध होत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चिनी चाचणी याबाबत डोळे उघडते. नव्याने निदान झालेल्या ४०९ रुग्णांना चार गटांत विभागले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी बर्बेरिनच्या गटात ०.९९ टक्क्याने घटला. प्रोबायोटिक (म्हणजे उपकारक जिवंत जंतू) आणि बर्बेरिन दोन्ही घेणाऱ्यांत १.०४ने, नुसते प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ०.५३ने. आणि नकली गोळी घेणाऱ्यांत? ०.५९ने. बर्बेरिनची स्वतःची कमाई म्हणजे ही वजाबाकी करून उरलेले ०.४. ते टाकाऊ नाही, पण चमत्कारही नव्हे. बाहेरून दिलेल्या जंतूंच्या पदरात तर काहीच पडले नाही.

शिवाय या चाचणीच्या संशोधकांना सापडलेला मार्ग जंतू वाढवण्याचा नव्हता. रुमिनोकॉकस ब्रोमी हा जंतू पित्ताम्लांत जो फेरफार करतो, तो बर्बेरिन रोखते, असे त्यांना दिसले. बर्बेरिन मुळात जंतुरोधकच आहे. पोटाच्या तक्रारी बर्बेरिन घेणाऱ्या गटांत जास्त होत्या, यात नवल नाही.

हा प्रश्न चीनपुरता नाही. आपल्या दारुहळदीतही बर्बेरिन असते आणि आयुर्वेदात ती प्रमेहावर, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांवर, सांगितलेली आहे. म्हणून काही ती लगेच मान्य किंवा त्याज्य ठरत नाही. चीनने आपल्या काढ्याला नकली काढ्यासमोर उभे केले, मात्रा बदलून पाहिल्या, आकडे मांडले. परंपरेचा मान राखायचा हाच मार्ग आहे. परीक्षेतून सूट मागणारी परंपरा स्वतःवरच अविश्वास दाखवते.

अशी परीक्षा होईपर्यंत मधुमेही वाचकांना सांगणे एवढेच: चालू गोळ्या बंद करून दारुहळदीचे चूर्ण सुरू करू नका आणि डॉक्टरांपासून लपवून त्या गोळ्यांच्या जोडीनेही घेऊ नका. बर्बेरिनमुळे काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढते, आणि साखरेच्या गोळ्यांसोबत साखर नको तेवढी खाली जाऊ शकते. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये.