नीरक्षीरविवेक कोणाचा?

राजहंस पाण्यातून दूध निवडून घेतो, ही कल्पना आपल्याकडे विवेकाचे प्रतीक होऊन बसली आहे. आता रसायनशास्त्रज्ञ निवडीचे हे काम एका पातळ पटलाकडून करवून घेतात आणि त्याच्या नव्या जातीला ‘चतुर’ हे विशेषण देतात. ते विशेषण यथार्थ आहे काय? आमच्या मते हा केवळ शब्दाचा वाद नव्हे. जबाबदारीचा प्रश्न आहे.

नॅनोगाळणीच्या पटलाची छिद्रे सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी असतात. पॅरिसजवळील मेरी-स्युर-वाझ येथे १९९९ पासून वाझ नदीचे पाणी अशा पटलांतून गाळले जाते. शेतांतून येणारी कीटकनाशके अडविणे हा त्याचा एक हेतू. तेथे गाळणीची योजना प्रतिदिनी १,४०,००० घनमीटरांची आहे.

असे साधे पटल एकच शिस्त पाळते. ‘चतुर’ पटल परिस्थितीप्रमाणे बदलते. छिद्रांच्या कडांना पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या साखळ्या जोडल्या, तर अल्कधर्मी पाण्यात त्यांवर ऋणभार येतो. त्या परस्परांना दूर लोटतात, फुगतात आणि वाट अरुंद करतात. आम्लधर्मी पाण्यात त्या आखडतात व वाट मोकळी होते. काही साखळ्या सुमारे ३२ अंश सेल्सियस उष्णतेला आखडतात. ही पटले अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत.

परंतु प्रतिसाद म्हणजे विवेक नव्हे. लाजाळूचे पान मिटते, ते लज्जेने नव्हे. कोणत्या पाण्याला दार उघडावे आणि कोणत्या पाण्याला लावावे, हे साखळ्या जोडणाऱ्या माणसानेच आधी ठरविलेले असते. मुखत्याराच्या कृत्याने मालक बांधला जातो, असे कायदा मानतो. येथे तर मुखत्यारही नाही, नुसते हत्यार आहे. त्याच्या आड मालकाला कसे लपता येईल?

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. गाळल्याने मळ नाहीसा होत नाही, तो एकवटतो. अडलेला अंश थोड्या पाण्यात दाट होऊन दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. तो कोठे सोडावयाचा? आपले पाणी निर्मळ व्हावे आणि प्रवाहाखालच्या गावाच्या वाट्याला तो गाळ यावा, ही शुद्धी नव्हे. अशुद्धीचे स्थलांतर होय. पटल कितीही चतुर झाले तरी हा प्रश्न ते विचारणार नाही. तो विचारणे, आणि त्याच्या उत्तराने स्वतःस बांधून घेणे, यालाच आम्ही विवेक म्हणतो.