जमिनीखालचं कुणाचं?

मेटल डिटेक्टर सोनं शोधत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परतवाड्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे : "सोनं दाखवते का हे?"

यंत्र दाखवतं तो फक्त एक आकडा, शून्य ते नव्याण्णवमधला. सोबत हेडफोनमध्ये एक आवाज येतो. कधी स्वच्छ, कधी चिरका, कधी अर्ध्यातच तुटणारा. खालच्या गोल कॉइलमधून बदलता प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, तिथल्या धातूत छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि ते आपलं स्वतःचं क्षेत्र परत पाठवतात. हे उत्तर किंचित उशिरा येतं. तो उशीर मोजून यंत्र आकडा देतं. उशीर ठरतो धातू किती चांगला वाहक आहे, वस्तू केवढी आहे आणि ती चुंबकाला चिकटते का यावरून. त्यामुळे माझ्या यंत्रावर चाळिशीतला आकडा आला तर खाली सोन्याची छोटी वाटी असू शकते, आणि डोकेदुखीच्या गोळीची चुरगळलेली चंदेरी पट्टीसुद्धा. यंत्राच्या लेखी दोन्ही सारख्याच.

यंत्र खरं तर माझं नाही. पुण्यातल्या एका मित्राने परदेशातून आणलं, वापरायला वेळ मिळेना, म्हणून माझ्याकडे आलं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालणारं, पन्नास सेटिंग असलेलं. मी घरून काम करतो. संध्याकाळचा शेवटचा कॉल संपला की मामाच्या संत्र्याच्या बागेत जायचो आणि शिकायचो. पहिला आठवडा नुसता जमिनीशी तडजोड करण्यात गेला. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण. यंत्राला सगळी जमीनच बोलते आहे असं वाटतं. मग कॉइल जमिनीवर वरखाली करत त्याला शिकवावं लागतं की ही नुसती माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर. एवढं करून रुपयाएवढं नाणं वीतभर खोल असेल तर बरं ऐकू येतं. हातभर खोल गेलं की विसरा. वीस फुटांवरचा हंडा दाखवणारं यंत्र विकणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बागेत कामाला मुळात कारण होतं. संत्र्याच्या तोडीच्या वेळी मामीचं मंगळसूत्र तुटून पडलं होतं. मला वाटलं होतं, साखळी लांब आहे, लगेच सापडेल. पण साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. दिसली तर वाटी दिसणार, आणि वाटीचा आकडा म्हणजे चंदेरी पट्टीचा आकडा. यंत्रात एक सोय असते : नको ते आवाज बंद करायची. लोखंड बंद केलं की खिळे, नट, तारेचे तुकडे गप्प होतात. त्याच सोयीने चंदेरी कचराही गप्प करता येतो, पण मग वाटीही गप्प झाली असती. म्हणून सगळा कचरा ऐकत, प्रत्येक आवाज खणत गेलो. चौथ्या दिवशी एक वाटी निघाली, सहाव्या दिवशी दुसरी. साखळी वाटीच्याच शेजारी होती, तिच्यावरून कॉइल कितीदा तरी फिरून गेली होती.

या सोयीला यंत्राच्या पुस्तिकेत डिस्क्रिमिनेशन म्हणतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे : चुकीचे इशारे कमी करायला गेलात की खरे इशारेही हुकतात, उंबरठा कुठे ठेवायचा ते माणूस ठरवतो. आपली १९९०च्या दशकापासूनची बरीचशी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत. त्यांच्यापुढे यंत्र गोंधळतं आणि लोखंड बंद केलं असेल तर ती सहज सुटू शकतात. आजपासून पाचशे वर्षांनी कुणी लोखंड बंद करून इथे फिरला तर त्याला वाटेल, या लोकांकडे फारसा सुटा पैसाच नव्हता.

या यंत्राचा एक पूर्वज ग्रॅहम बेलने बनवला होता. जुलै १८८१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे आहे कळेना, तेव्हा बेल आपलं यंत्र घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेला. गोळी सापडली नाही. एक तर गादीखाली धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांचाच आवाज यायचा. दुसरं, मुख्य डॉक्टरची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून शोध उजवीकडेच झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. मला या गोष्टीतला डॉक्टर राहून राहून आठवतो. शोधायचं कुठे हे यंत्राच्या आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

आमच्याकडे तर ते फारच आधी ठरलेलं असतं. इंग्लंडमध्ये डिटेक्टर घेऊन शेतात फिरणं हा रविवारचा छंद आहे. वऱ्हाडात तेच यंत्र हातात दिसलं की एकच शब्द ऐकू येतो, गुप्तधन. आणि तो शब्द निरुपद्रवी नाही. मानवतला १९७२ ते १९७४ या काळात जे खून झाले, ज्यात कोवळ्या मुली होत्या, त्यांच्या मुळाशी पुरलेल्या धनाची हाव होती. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. तेव्हा कुणी मांत्रिकाऐवजी मशीनवाल्याला बोलावतो आहे, हीसुद्धा एका अर्थी सुधारणाच म्हणायची.

मला बोलावलं ते ओळखीतल्या एका काकांनी. अचलपुरात त्यांचा जुना वाडा आहे, तीन भाऊ आणि एक बहीण असे चार वाटेकरी, आणि वाडा विकायचं चाललेलं. काका म्हणाले, "रातच्यानं एकदा मशीन फिरवून पाहू. काही निंघालं त तुले चार आणे. पन भावायले सांगू नको."

मी लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही. कारण माझ्यातल्या शिकाऊ माणसाला तिथे जायचं होतं. महिनाभर बागेत कान तयार केल्यावर जुन्या वाड्याची मातीची जमीन म्हणजे काय मेजवानी असते, हे यंत्र हातात घेतलेल्यालाच कळेल. कौशल्याची स्वतःची एक भूक असते, आणि ती लोभाइतकी वाईट दिसत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही.

घरी येऊन मी १८७८चा निखात निधी कायदा वाचून काढला. इंग्रजांचा कायदा, अजून चालू असलेला. जमिनीत पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर सापडवणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं : काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचं. मग कलेक्टर जाहीर नोटीस काढतो, हक्क सांगणाऱ्यांना बोलावतो. शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजाने पुरलं असं कुणी म्हणत असेल तर ते दिवाणी कोर्टात ठरतं. मालकच नाही असं ठरलं आणि आपसात आधी काही करार नसेल, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. म्हणजे काका मला चार आणे देत होते आणि कायदा बारा आणे! सरकारला वस्तू हवी असेल तर ती धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. आणि कळवलंच नाही, तर आपला वाटा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यात वाटणी शेवटी येते. आधी येतं ते सांगणं.

आता अचलपूरजवळच्याच चमक गावाची गोष्ट. १८६८च्या सुमारास तिथे शेत नांगरताना सात ताम्रपट निघाले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे, पाचव्या शतकातले. फ्लीटने १८८८मध्ये ते वाचून छापले. त्या पत्र्यांवर चर्मांक नावाचं, मधुनदीच्या काठचं गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा मजकूर आहे. चर्मांक म्हणजेच चमक. ज्या गावाचं दानपत्र, त्याच गावाच्या मातीत ते दीड हजार वर्षं पडून होतं. दानपत्रात दिलेल्या हक्कांची यादी आहे आणि त्या यादीत निधी आणि उपनिधीही आहेत, म्हणजे जमिनीत पुरलेलं धन आणि ठेवी. पुढे अटही आहे : या लोकांनी राज्याशी द्रोह केला, चोरी केली, दुसऱ्या गावांना त्रास दिला, तर राजाने गाव परत घेतलं तरी ती चोरी नव्हे.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. जमिनीखालचं कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर जमिनीखालूनच निघालं होतं, आणि ते उत्तर आता कुणालाच लागू नव्हतं. ते हजार ब्राह्मण नाहीत, राजा नाही, त्याच्या अटी नाहीत. तेव्हा दानधारी, नंतर कलेक्टर, मध्ये आणखी कोण कोण. मालकीचे दावे दर काही शतकांनी बदलत गेले. टिकलं ते एवढंच की हे पत्रे चमकच्या शेतात निघाले, हे कुणीतरी सांगितलं. ते मोडीत गेले असते तर तांब्याचा भाव मिळाला असता. आणि कुणी नुसतेच मुंबईच्या बाजारात नेऊन विकले असते, तर अक्षरं वाचता आली असती, पण चर्मांक म्हणजे चमक हे ओळखायला किती आडवाटा घ्याव्या लागल्या असत्या!

जागा हीच वस्तूची अर्धी किंमत असते, कधी कधी पूर्ण. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३मध्ये गवताला आग लागली, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टर चालवणारे स्वयंसेवक रांगेत उभे केले. प्रत्येक इशाऱ्यावर छोटं निशाण रोवायचं, जागा नोंदवायची, मगच उचलायचं. एकेका काडतुसाला बाजारात काय मोल? पण शेकडो निशाणांवरून कोण कुठे उभा राहून लढला, कोण कुठे सरकला, ते दिसायला लागलं. आमच्या गाविलगडावर डिसेंबर १८०३मध्ये वेलस्लीच्या फौजेने हल्ला केला. तिथे एखादी शिशाची गोळी अजून मातीत असेल, तर ती कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर आहे हाच तिचा सगळा अर्थ. ती खिशात घालून आणली की उरतं शिसं. (गड केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, तिथे परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, हे तिथे यंत्र घेऊन चला म्हणणाऱ्या मित्रांसाठी.)

पण एक आक्षेप मला टाळता येत नाही. कुणालाच कळलं नाही, तर नुकसान कुणाचं? पुरणारा केव्हाच मेला. वारसांना माहीत नव्हतं, तर त्यांचं काय गेलं? इंग्लंडात लेओमिन्स्टरजवळ २०१५मध्ये दोघांना नवव्या शतकातला साठा सापडला. त्यांनी कळवला नाही, परस्पर विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसेकच पुढे हाती लागली, २०१९मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. त्या थोड्या नाण्यांत काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी आहेत. आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे सहकारी असावेत असं त्यावरून दिसतं. लिखित इतिहासात मात्र केओलवुल्फला परक्यांच्या हातचं बाहुलं म्हणून पुसून टाकलेलं होतं. बाकीच्या नाण्यांनी काय सांगितलं असतं? हा प्रश्नच आता विचारता येत नाही. गुपचूप घेण्याने होणारं नुकसान असं असतं. ज्याचं होतं त्याला ते कधी जाणवत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. मला ते कमी वाईट वाटत नाही, उलट जास्त वाटतं. ज्याला फसवलं त्याला कळण्याची वाटच बंद करून फसवलेलं असतं.

आता शेतकऱ्याची बाजू. नांगराला हंडा लागला आणि त्याने कळवलं, तर पंचनामा, गर्दी, गावभर चर्चा, ऐन पेरणीत अडलेलं शेत. न कळवता सोनाराकडे गेला तर एका दुपारचं काम. इतिहासाचा फायदा सगळ्यांना आणि त्रास एकट्याला, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. धातूच्या किमतीवर एक पंचमांश, हा हिशोबच मुळात वस्तू वितळवून पाहणाऱ्याचा आहे. चमकच्या ताम्रपटांना या हिशोबाने भांड्याच्या मोडीपेक्षा थोडंच जास्त मिळालं असतं. सांगणाऱ्याला पुरेसं न देणारा कायदा लोकांना न सांगायला शिकवतो. तरीही, माझ्यापुरतं, सांगण्याचं कर्तव्य मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून आहे असं मला म्हणवत नाही. काकांच्या वाड्यात तर पेरणीही अडणार नव्हती.

मी काकांना म्हणालो, येतो, पण दिवसा. तिघं भाऊ आणि आत्या हजर हव्यात. जिथे जिथे वाजेल ते मी वहीत नकाशावर लिहिणार, एक एक प्रत सगळ्यांना देणार, आणि खणायचं की नाही ते तुम्ही चौघं ठरवा. काही जुनं निघालं तर कलेक्टर कचेरीत अर्ज मीच लिहून देतो.

काका माझ्याकडे बघत राहिले. "मंग मशीन कायले पाह्यजे?" म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

तीन आठवडे काही नाही. मग यवतमाळहून आत्यांचा फोन आला. भावाने मशीनचं सांगितलं म्हणाल्या, कसं सांगितलं ते मी विचारलं नाही. त्यांना हंड्याबिंड्यात रस नव्हता. लहानपणी माजघरात खेळताना त्यांची चांदीची तोरडी हरवली होती, मार खाल्ला होता, ती सापडेल का एवढंच त्यांना हवं होतं. म्हटलं, चांदीचा आवाज स्वच्छ येतो, बघू. दिवाळीला चौघंही अचलपुरात आहेत. मी आलेखाच्या कागदाची वही आणून ठेवली आहे.