राखलेलें पाणी कोणाचें?

पाणी जपून वापरावें असें सर्वच सांगतात. परंतु तें कां जपावें, आणि जपलेलें पाणी कोणाचें, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वाचकहो, आज त्याचाच थोडा विचार करूं.

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षास 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो 500 च्या आसपास असतो. ढग घाटावरच रिते होतात आणि पूर्वेकडील गांवें पर्जन्यछायेंत राहतात. शिवाय ह्या मुलखाच्या पोटांत काळा कातळ आहे. पाणी सांठतें तें केवळ त्याच्या भेगांत व वरच्या मुरमाड थरांत. म्हणून चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात.

अशा ठिकाणीं कोणी म्हणतो, "विहीर माझी, पंप माझा, मग पाणीही माझेंच." विहिरीचें बांधकाम त्याचें खरें, पण खालचा झरा शेताचा बांध ओळखीत नाहीं. एकानें रात्रभर पंप चालविला, तर सकाळीं शेजाऱ्याची पोहऱ्याची दोरी अपुरी पडूं शकते. म्हणून ज्याच्या हातीं पाणी आलें, त्यानें स्वतःस त्याचा धनी न मानतां कारभारी मानावें.

दुसरा म्हणतो, "घरांत एक घागर वांचवून काय होणार? उसास जें जातें त्यापुढें ती कोणत्या हिशेबांत?" ह्या बोलण्यांत सत्य आहे, तें नाकारूं नये. शेती ही घराहून कितीतरी अधिक पाणी पिते. जो मोरींतील तांब्या मोजतो आणि उसाचा पाट रात्रभर मोकळा सोडतो, तो स्वतःस फसवितो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या गांवानें आधीं पावसाचें पाणी मोजावें व मग पिकें ठरवावीं अशी रीत घातली, आणि उसासारखें तहानलेलें पीक टाळलें, तें ह्याच कारणानें.

परंतु शेताचा दोष मोठा म्हणून घर निर्दोष ठरत नाहीं. सरकारनें 2019 सालीं जल जीवन मिशन ही योजना सुरू केली, तींत खेड्यांतील दर माणसास दररोज 55 लिटर पाणी हें माप धरलें आहे. पांच माणसांच्या घरास तें 275 लिटर होतें. म्हणजे 15 लिटरांच्या घागरी अठराहून अधिक. जेथें नळ कोरडा पडतो, तेथें ह्या घागरी कोणाच्या डोक्यावरून येतात? बहुधा घरच्या सुनेच्या व लेकीच्या. घरधनी अंघोळीस बसून दोन तांबे उगाच अधिक ओततो, तेव्हां तो त्यांचे श्रम मोरींत सोडतो. कदाचित् मुलीच्या शाळेचा एक तासही त्यांत वाहून जात असेल.

आपल्यांत एक जुनी खोड आहे. नळास पाणी आलें कीं कालचें पाणी "शिळें" म्हणून ओतून द्यावयाचें. भाकरी शिळी होते. पण स्वच्छ भांड्यांत झांकून ठेवलेलें चांगलें पाणी एका रात्रींत शिळें होत नाहीं. मात्र त्यांत हात न बुडवितां लांब दांड्याच्या ओगराळ्यानें तें घ्यावें. भांडीं राखेनें घासून दोन टोपांत विसळावीं. भाजी धुतलेलें व मोरीचें पाणी परसांतील केळीस वळवावें. नळ गळत असेल तर तो आजच दुरुस्त करावा. सेकंदास एक थेंब पडला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसास चार लिटरांहून अधिक पाणी जातें.

काटकसरीसही मर्यादा आहे. हात धुणें, आजाऱ्याची स्वच्छता, तान्ह्या मुलाचें पाणी, ह्यांत कपात करणारा जुलाबाचें दुखणें घरांत आणील.

ह्याहून मोठा धोका मनाचा आहे. पाणी राखतां राखतां माणूस तें अडवूं लागतो. महाडच्या चवदार तळ्यांत पाणी होतें, तरी अस्पृश्य मानलेल्या लोकांस तें घेऊं देत नसत. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथें जाऊन तें पाणी प्याले. तेथें टंचाई पाण्याची नव्हती. उलट 2016 सालच्या एप्रिलांत लातूर शहर कोरडें पडलें, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें तेथें पाणी धाडण्यांत आलें.

काटकसरी व कृपण हे दोघेही घागर झांकून ठेवितात; बाहेरून भेद दिसत नाहीं. दारांत तहानलेला उभा राहिला म्हणजे तो दिसूं लागतो. काटकसरी म्हणतो, "बरें झालें, पाणी राखलें होतें." कृपण म्हणतो, "आमचेंच आम्हांस पुरत नाहीं." पहिल्याची घागर थोडी रिती होते, दुसऱ्याची भरलेली राहते, आणि तिचा उपयोग मात्र नाहींसा होतो.

तर मग राखलेलें पाणी कोणाचें? उद्यां ज्यास त्याची गरज पडेल त्याचें. मग ती घरची लेक असो, शेजारी असो, कीं वाटेनें जाणारा परका असो. आज रात्रीं घागरींत जें उरेल तें ओतण्यापूर्वीं प्रत्येकानें हा प्रश्न स्वतःस विचारावा.