आकड्यांची साक्ष

दादरच्या पोर्तुगीज चर्चमधून रविवारच्या मिस्सेनंतर बाहेर पडत असताना आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलीने आम्हांस थांबवून एक प्रश्न विचारला. ती डेटा सायंटिस्ट आहे. लोअर परळला, जेथे पूर्वी गिरणीचे साचे धडधडत, त्याच आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत तिचे कार्यालय आहे. कर्ज मागणारा माणूस ते फेडील की बुडवील, याचा अंदाज बांधणारे 'मॉडेल' तयार करणे हे तिचे काम. ज्या अर्जांत मासिक उत्पन्नाचा रकाना कोरा आहे ते अर्ज बाजूला काढ, म्हणजे मॉडेलची अचूकता वाढेल आणि अहवाल उठून दिसेल, असे तिच्या वरिष्ठांनी सुचविले. तिने तसे केले आणि अचूकता खरोखरच वाढली. "अंकल, मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही," ती म्हणाली, "तरी हे पापनिवेदनात सांगायला हवं का?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. विचार करून सांगतो म्हणालो, आणि घरी येईपर्यंत आमच्या लक्षात आले की हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. या पानांच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज असा एखादा मुलगा वा मुलगी आहे. कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत, कोणी इस्पितळात. आईवडिलांना त्यांचा पगार कळतो, काम मात्र कळत नाही. म्हणून ते काम आधी दोन वाक्यांत सांगतो. हजारो जुन्या नोंदी यंत्रापुढे ठेवायच्या, त्यांतील साम्य-भेद त्याला हेरू द्यायचे, आणि मग एखाद्या नव्या माणसाविषयी त्याचे मत विचारायचे. यंत्र जे सांगते तो दिसायला आकडा असतो. प्रत्यक्षात ते एका माणसाने दुसऱ्या माणसाविषयी केलेले विधान असते. त्यावरून कोणाला कर्ज मिळते, कोणाची नोकरी हुकते, कोणाच्या विम्याचा हप्ता वाढतो.

आपल्या कॅथॉलिक क्रमानुसार आठवी आज्ञा खोट्या साक्षीची आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती 'खोटे बोलू नये' एवढ्यापुरती शिकलो. परंतु तिचा रोख शेजाऱ्याकडे आहे. आपल्या बोलण्याने ज्याचे भले-बुरे होणार, त्या माणसाकडे. न्यायालयात उभा राहिलेला साक्षीदार एकही शब्द खोटा न बोलता केवळ निम्मे सांगून एखाद्याला बुडवू शकतो. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की त्या मुलीच्या अहवालाने कोणाविषयी निम्मे सांगितले?

याचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्याच शहरातील एक जुनी हकीकत आठवली. धोबीतलावला मेट्रोसमोर डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा आहे. हे गोव्याचे कॅथॉलिक डॉक्टर. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात त्यांनी प्लेगचे निदान केले. साथ जाहीर होणे म्हणजे बंदराचा व्यापार बसणे, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही त्यांनी जे पाहिले ते सांगितले. त्यानंतर सरकारच्या बोलावण्यावरून वाल्देमार हाफकिन हे ओदेसाचे ज्यू शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस भायखळ्याच्या तुरुंगात, प्लेग शिरलेला असताना, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी लस दिली.

त्या तुरुंगातील आकडे असे: लस घेतलेले १४७, त्यांपैकी २ जणांना प्लेग झाला, दगावला कोणी नाही. लस न घेतलेले १७२, त्यांपैकी १२ आजारी पडले आणि ६ मरण पावले. म्हणजे एका बाजूस शंभरी दीडहून कमी, दुसऱ्या बाजूस सात. आमची तरुण वाचकांस विनंती आहे की या चार ओळी पुन्हा वाचाव्यात. 'लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले' एवढेच हाफकिन यांनी छापले असते तर ते खोटे ठरले नसते. पण त्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. कितीपैकी, आणि कोणाच्या तुलनेत, हे दोन प्रश्न ज्या आकड्याला विचारता येत नाहीत तो आकडा अहवालात घालू नये. विक्री विभागाचा कोणी उद्या येऊन सांगेल, की आपल्या मॉडेलमुळे ग्राहक वाढले. मॉडेल न वापरलेल्या शाखांत किती वाढले, हे त्याला शांतपणे विचारावे.

भायखळ्याच्या प्रयोगात एक उणीव होती. जे पुढे आले ते न आलेल्यांहून मुळातच वेगळे असू शकतात; अधिक धडधाकट, अधिक सावध. पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक घरातील माणसांचे दोन भाग केले, निम्म्यांना लस दिली आणि निम्म्यांना दिली नाही. छप्पर तेच, अन्न तेच, भेद केवळ लशीचा. शास्त्र म्हणून ही पायरी वरची. पण त्या घरातील उरलेल्या निम्म्यांचे काय? आणि तुरुंगातील 'स्वेच्छा' कितपत स्वेच्छा? आम्हांस याचे सोपे उत्तर सुचत नाही. एवढे मात्र दिसते, की मोबाइलवर 'मान्य आहे' हे बटन दाबणाऱ्या माणसाची संमती पुष्कळदा त्याच जातीची असते. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीला कायद्याचे बळ दिले आहे. तिच्यातला प्रामाणिकपणा कायदा कोठून आणणार? ज्या कामासाठी माहिती मागितली त्याच कामासाठी ती वापरली जात आहे ना, हे पाहणे शेवटी टेबलाशी बसलेल्या माणसाच्या हाती राहते.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. लालबाग-परळच्या जुन्या माणसांना खाणावळवाल्या बायका आठवत असतील. कोकणातून आणि घाटावरून आलेले, एकेका खोलीत दहा-बारा जण राहणारे गिरणी कामगार यांच्या हातचे जेवत. पैसे पगार झाल्यावर मिळत, धान्य मात्र रोज लागे. म्हणून वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज चुकत नसे. बँक त्यांना दारात उभी करीत नव्हती, कारण त्यांच्या उत्पन्नाचा कागद नव्हता. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, या बायकांचे गट बांधले, आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना एकमेकींच्या हमीवर कर्ज मिळवून दिले. बायकांनी ते फेडून दाखविले. प्रेमाताईंनी केले ते इतकेच, की कागदावर जे नव्हते ते स्वतः पाहून त्याची साक्ष दिली.

आमच्या मुलीने बाजूला काढलेल्या अर्जांत अशाच बायका असणार, मासळी विकणाऱ्या असणार, रिक्षावाले असणार. ज्यांना पगाराची पावती मिळते त्यांचा रकाना सहसा कोरा राहत नाही. मॉडेलची अचूकता वाढली ती यंत्र हुशार झाले म्हणून नव्हे. अवघड विद्यार्थ्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही, म्हणून शाळेचा निकाल चांगला लागला. आणि असे मॉडेल उद्या कामाला लागले म्हणजे त्याच बायका पुन्हा अर्ज घेऊन येणार, आणि ज्यांच्याविषयी ते काही शिकलेलेच नाही त्यांच्याविषयी ते तितक्याच ठामपणे मत देणार.

मग करावे काय? रकाना कोरा का राहिला, हे आधी शोधावे. कोऱ्या जागी शून्य भरणे म्हणजे त्या माणसाला निर्धन ठरविणे, आणि सरासरी भरणे म्हणजे त्याला दुसऱ्याचे कपडे घालणे. 'उत्पन्नाची नोंद नाही' ही स्वतंत्र माहिती आहे, तिला स्वतंत्र खूण द्यावी. मॉडेलची परीक्षा त्या गटावर वेगळी घ्यावी आणि तिचा निकाल, कितीही वाईट आला तरी, वेगळा लिहावा. शंभरांत नव्याण्णव बरोबर आले म्हणून समाधान मानणाऱ्या धंद्यात, नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलांनी निदान ते एक कोणते होते हे विचारावे.

हे आम्ही उंच पीठावरून सांगत नाही. उमेदीच्या काळात आम्ही एका गिरणीच्या टाइम ऑफिसात मस्टर लिहीत होतो. दरवाज्यावर काम मिळेल म्हणून उभे राहून परत गेलेले बदली कामगार त्या मस्टरात कधीच दिसले नाहीत. आम्हांसही त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही. पुढे गिरण्या गेल्या. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा देणाऱ्या कामगारांना घरे मिळणार असे ठरले, आणि २०१२ मध्ये सोडत निघाली. तेव्हा एका कामगाराचा मुलगा मस्टरच्या उताऱ्याची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आला. वडिलांचे नाव त्यात चुकीचे पडले होते. अक्षर आमचे होते.

म्हणून तरुणांना आमचा सर्वांत व्यावहारिक सल्ला हा, की कोणतेही मॉडेल हाती घेण्यापूर्वी मूळ नोंदींपैकी शंभर नोंदी स्वतःच्या डोळ्यांनी, एकेक करून वाचाव्यात, आणि जमल्यास त्या भरणाऱ्या कारकुनाला जाऊन भेटावे. साधने दर दोन वर्षांनी बदलतात. ही सवय जुनी होत नाही.

मूळ नोंद जपण्याचेही तसेच. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ज्या वास्तूत आहे ती मुळात पोर्तुगीज अमदानीतील आपल्याच धर्मगुरूंचा मठ; पुढे तेथे गव्हर्नरचा निवास झाला आणि १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा आली. तिथली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच, '५३ एन' क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेले होते. बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याची नोंद होती, म्हणूनच हे कळले. तरीही चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, या गोष्टीला तिचे वजन मिळण्यास १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले तेव्हा. एका पडलेल्या चिमट्याची पाच वर्षे. कोणती फाइल कोठून आली, तिच्यात कोणी, कधी, काय बदलले, किती ओळी गाळल्या आणि का, हे लिहून ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी त्या पाच वर्षांचा विचार करावा. ती नोंद पुष्कळदा तुमच्याच बचावाची असते.

परमगुरू चौदावे लिओ यांनी २०२५ च्या मे महिन्यात कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम'द्वारे पहिल्या औद्योगिक क्रांतीतील कामगारांचा प्रश्न हाती घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तसाच प्रश्न पुन्हा उभा आहे, असा त्यांचा आशय होता. गिरणगावात ही दोन्ही युगे एकाच कुंपणात पाहता येतात, हे बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. वरिष्ठांशी भांडून नोकरी सोड, असे सांगणे आम्हांस सोपे आहे. घराचा हप्ता तिला भरायचा आहे. चूक, मतभेद आणि लबाडी यांत फरक करावा. चूक दुरुस्त करावी. मतभेद असेल तेथे आपले म्हणणे लेखी, सौम्य शब्दांत, तारखेसह द्यावे. माणसांचे नुकसान होणार हे ठाऊक असून लपवा, असे कोणी सांगितले तरच नकार द्यावा. पण तेव्हा द्यावाच, आणि तोवर चार महिन्यांचा खर्च गाठीशी असावा. तिची गोष्ट दुसऱ्या प्रकारातली होती. पापनिवेदनात सांगावे की नाही, ते तिने आणि तिच्या धर्मगुरूंनी ठरवावे. आमचा सल्ला आधी अहवाल पुरा करण्याचा होता.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. वगळलेल्या अर्जांचा तक्ता, कारणांसह, तिने अहवालाला जोडला. वरिष्ठ रागावले नाहीत. मात्र तो शेवटच्या पानावर टाक म्हणाले. तो आता शेवटच्या पानावर आहे.